हिकरी विसरा, एक गोणी पेरू वाळवा

पुण्याहून एकांनी विचारलंय. वाकडला राहतात, गच्ची वापरायला मिळते, दोनशे लिटरच्या ड्रमचा स्मोकर, म्हणजे मांस लाकडाच्या धुरावर शिजवायचं साधन, वेल्डरकडून करून घेतलाय. धुरासाठी ऑनलाइन मिळणाऱ्या हिकरीच्या लाकडाच्या चिप्सची पिशवी चिकनपेक्षा महाग पडते म्हणून ओळखीच्या फर्निचरवाल्याकडून भुसा आणला, रात्रभर भिजवला आणि निखाऱ्यांवर टाकला. चिकन काळं पडलं, आणि जीभ बधिर व्हावी इतकं कडू लागलं. प्रश्न असा की हिकरीच्या तोडीचं, स्वस्त, आपल्याकडचं लाकूड कोणतं आणि ते मिळेल कुठे?

मी नाशिकची. गेली अकरा वर्षं शनिवार-रविवारच्या ऑर्डरींसाठी चिकन, डुकराच्या बरगड्या आणि अधूनमधून बांगडे धुरावते. तुमचं कडू चिकन मीही खाल्लंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी हिकरीचं. ते झाड मुख्यतः उत्तर अमेरिकेतलं. तिथले लोक ते वापरतात कारण ते त्यांच्या दाराशी उगवतं. टेक्सासात पोस्ट ओक जाळतात, हवाईत पेरू आणि किआवे, जमैकात जर्क चिकनला पिमेंटोचं लाकूड, म्हणजे ज्याला आपण ऑलस्पाइस म्हणतो त्या मसाल्याचं झाड. प्रत्येकाने जवळचं उचललं आणि मग त्याचीच चव ‘अस्सल’ ठरली. त्यामुळे हिकरीसारखं काय, हा शोध सोडून द्या. आपल्याकडे धुराची जीभ नाही असंही नाही. खानदेशात भरताची वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात, आणि गॅसवर भाजलेलं वांगं जळगावच्या माणसाला लगेच ओळखू येतं.

तुमचा खरा प्रश्न माझ्या मते झाडाच्या नावाचा नाहीच. लाकूड किती वाळलंय आणि तुमच्या हातात येण्याआधी त्याच्यावर काय काय फासलं गेलंय, यावर नव्वद टक्के चव ठरते. झाडाचं नाव त्यानंतर. ओल्या पेरूपेक्षा नीट वाळलेली साधी बाभूळ कितीतरी बरी.

स्वस्ताईचा हिशेबही एकदा मांडून बघा. तुमच्या ड्रमला चार तासांच्या एका खेपेला साधारण तीन किलो लाकडी कोळसा लागेल. उष्णता तो देतो. लाकूड फक्त धुरापुरतं, मुठीएवढे चार-पाच ठोकळे, म्हणजे अर्धा किलो. महिन्यातून दोनदा केलंत तरी वर्षाला बारा किलो वाळलेलं लाकूड. ओलं असताना त्याचं वजन सोळा-सतरा किलो भरेल. कांद्याची एक गोणीसुद्धा भरत नाही. एवढंसं लाकूड कोणी विकायलाही बसत नाही, मागितलं तर देऊन टाकतात. तुम्हाला पैसे कमी आणि सवड जास्त लागणार आहे, कारण हे लाकूड एक उन्हाळा आधी घरात यावं लागतं. शनिवारी सकाळी आठवण झाली की मग ती महागडी पिशवीच घ्यावी लागते.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर आहेत. कोळसा न वापरता नुसत्या लाकडावर चालणारा स्मोकर असेल तर वरचा हिशेब कोलमडतो, तिथे एका खेपेला आठ-दहा किलो सहज जातं. माशाला जे लाकूड चालतं ते डुकराच्या मांसाला फिकं पडतं. आणि कोकणात, घाटावर, मराठवाड्यात मिळणारी झाडं वेगळी, वाळायला लागणारा काळही वेगळा. माझा अनुभव नाशिकच्या कोरड्या हवेचा आहे, रत्नागिरीकरांनी त्यात महिनाभर तरी मिळवावा.

आता कुठून आणायचं. पहिलं ठिकाण फळबाग. बागवाल्याला छाटणीच्या फांद्या म्हणजे डोकेदुखी असते. बांधावर ढीग लागतो आणि शेवटी पेटवून देतात. पेरूची छाटणी बहाराप्रमाणे होते, त्यामुळे वर्षातून कधी ना कधी कुठल्यातरी बागेत ढीग पडलेला असतोच. आंब्याची छाटणी फळं उतरल्यावर, म्हणजे नेमकी पावसाच्या तोंडावर, म्हणून ते लाकूड वाळवायला अवघड जातं. तुम्हाला पुण्याहून सासवडची बाजू जवळ आहे. तो पट्टा अंजीर-सीताफळाचा, पण पेरूच्या बागाही सापडतील. मला मनगटाएवढ्या जाडीची फांदी आवडते. बोटाएवढ्या काड्या भुर्रकन जळून जातात, आणि मांडीएवढं खोड फोडायला माणूस लावावा लागतो.

दुसरं ठिकाण लाकडाची वखार. तिथे बहुतेक वेळा बाभूळ, कधी चिंच, कधी आंब्याचे ओंडके असतात. मागच्या हिवाळ्यात मी बाभूळ बारा रुपये किलोने आणली. वखारवाल्याला सरळ सांगायचं की जेवणासाठी हवंय, छपराखालचं जुनं दे. उघड्यावरचा ढीग वरून वाळलेला दिसतो आणि आतून ओला निघतो. एखादा ओंडका तिथेच फोडून मागा. फोडलेल्या बाजूला हात लावला आणि गार लागला तर तो ओला आहे.

तिसरं, पावसाळ्याआधी महापालिकेची माणसं रस्त्यावरच्या फांद्या छाटतात ती. त्यात आंबा, जांभूळ, चिंच असते, पण गुलमोहर, रेन ट्री, नीलगिरीही असते. झाड ओळखता येत असेल तरच उचला. सालीवरून आणि पानांवरून ओळख पटली नाही तर ते लाकूड माझ्या लेखी बाद. आणि एक, स्वतः करवत घेऊन झाडाला हात लावू नका. शहरात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्या आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. गावाकडे १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे आणि आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही झाडं त्याच्या यादीत आहेत. आपल्याला पडलेली किंवा छाटलेली फांदी पुरते, त्यासाठी झाड पाडायचं कारणच नाही.

सोलापूर-नगरकडच्या कोरडवाहू भागात राहणाऱ्यांना तर घरबसल्या खजिना मिळालाय. बांधावर, तळ्याकाठी माजलेली वेडी बाभूळ म्हणजे प्रोसोपिस जुलिफ्लोरा. अमेरिकेतलं मेस्किट आणि हवाईतलं किआवे हे तिचेच सख्खे-चुलत. ऑनलाइन ‘मेस्किट चिप्स’ म्हणून लोक जे आयात करतात त्याची बहीण आपल्याकडे शिव्या खात उभी असते. काटे मात्र जपा, चपलेतून आरपार जातात. तिचा धूर उग्र असतो, म्हणून तासा-दीड तासात होणाऱ्या तंगड्यांना मी वापरते. पाच तासांच्या डुकराच्या खांद्याला वापरली तर तोंडात नुसता धूर राहतो.

लाकडावर काय फासलंय हे बघायला मी निफाडच्या मामांच्या द्राक्षबागेत शिकले. द्राक्षाचं लाकूड माशाला फार छान, आणि नाशिकला ते फुकट मिळतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, दोन्ही वेळा काड्यांचे ढीग. पहिल्या वर्षी मी त्या काड्या पोतं भरून आणायला निघाले तर मामांनी विचारलं, “अगं, यावर किती फवारण्या झाल्यात ते माहितीय का?” त्यांनी वही उघडून दाखवली. मी पोतं तिथेच ठेवलं. खोडांवर तर बोर्डो लावतात, म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि त्यातलं तांबं सालीत बसतं. आता मी काड्या घेत नाही. जुनी बाग काढतात तेव्हा खोडं मागून आणते. द्राक्षाची साल सुतळीसारखी लांब पट्ट्यांनी सुटते. ती सगळी सोलून, आतलं पिवळसर गुळगुळीत लाकूड दिसेपर्यंत तासून मगच वाळवते.

डाळिंबाच्या बाबतीत मी याहून कडक आहे. खोडकिड्यासाठी डाळिंबाच्या बुंध्याला गेरूमध्ये कीटकनाशक आणि तांब्याचं बुरशीनाशक कालवून लेप देतात. लालसर रंगाचा बुंधा दिसला की हात लावायचा नाही. रस्त्याकडेच्या झाडांवरचा चुना-गेरूचा पट्टा त्यामानाने निरुपद्रवी, पण तेवढा भाग मी कापून टाकते.

आता तुमचा भुसा. फर्निचरवाल्याकडे एकाच करवतीखाली साग, प्लायवूड, एमडीएफ, लॅमिनेट सगळं जातं. प्लाय आणि एमडीएफमध्ये फॉर्मल्डिहाइडवाला डिंक असतो. ‘आम्ही फक्त सागच कापतो’ असं तो म्हणाला तरी करवतीला काल काय कापलं ते कुठे आठवतंय! आणि नुसता साग असला तरी तो तेलकट असतो, जेवणाच्या कामाचा नाही. मीही पहिल्या वर्षी एका सॉ मिलमधून भुसा आणला होता. चिकनला फिनेलने पुसलेल्या फरशीचा वास आला, आणि घरच्यांनी ती गोष्ट अजून सोडलेली नाही. उरलेला भुसा कुंड्यांतही टाकू नका, सरळ कचऱ्यात द्या.

पॅलेटच्या फळ्यांबद्दलही लोक विचारतात. परदेशी मालाच्या पॅलेटवर शिक्का असतो. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. एमबी तर अजिबात नको. एचटी असलं तरी ते बहुधा पाइन असतं, राळेमुळे काजळी धरतं, आणि त्यावर आधी कोणतं रसायन सांडलंय ते कोणालाच ठाऊक नसतं. जुनी दारं, खिडक्या, रंगवलेल्या खुर्च्या यांचंही तेच. जुन्या रंगात शिसं असू शकतं.

वनस्पतिशास्त्र थोडंसं माहीत असलेल्यांची एका ठिकाणी फसगत होते. त्यांना वाटतं एका कुळातली झाडं सारखीच वागतील. पेरू, जांभूळ आणि तो जमैकाचा पिमेंटो एका कुळातले, तिघांचाही धूर चांगला. पण नीलगिरीही त्याच कुळातली, आणि नीलगिरीवर धुरावलेलं चिकन म्हणजे सर्दीचं मलम लावलेली कोंबडी. आंब्याच्या कुळात तर आणखी मजा. आंबा चालतो, पण काजू आणि बिब्बा त्याचेच भाऊबंद. बिब्ब्याचा धूरही अंगावर उठतो. आणि काजूची टरफलं, कोकणातल्या मंडळींनो, कृपा करून ड्रममध्ये टाकू नका. कणकवलीच्या एका नातेवाइकांनी मला पिशवीभर आणून दिली होती, “मस्त पेटतात” म्हणून. पेटतात खरी, कारण त्यांत तेल असतं, आणि ते तेल चामडं सोलून काढणारं असतं. मी मूठभर टाकली, डोळे चुरचुरले, आणि चार दिवसांनी उजव्या हाताच्या बोटांची सालं निघाली. ते मांस मी फेकून दिलं. आंब्याच्या चिकाने ज्यांचं तोंड उततं त्यांनी आंब्याचं लाकूडही जपून हाताळावं, निदान ओलं असताना.

याखेरीज कण्हेर विषारी, शेर विषारी, घाणेरी नको. गिरिपुष्पाला आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात, तेवढ्यावरून काय ते समजा. कडुनिंबाने माणसं मरत नाहीत, पण चव नावाप्रमाणे.

आता वाळवणं. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण इथेच माल बनतो किंवा बिघडतो. लाकूड ओलं असताना निखाऱ्याची बरीच ताकद त्यातलं पाणी उकळवण्यातच जाते. लाकूड नीट तापत नाही, नुसतं कोंदटतं, आणि पांढरा दाट धूर निघून मांसावर चिकट कडू थर बसतो. वाळलेलं लाकूड पटकन तापतं. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कणखरपणा देणारा घटक, फुटून ग्वायाकोल आणि सिरिंगोल ही वासाची रसायनं तयार होतात. धुराचा जो खमंग वास आपल्याला हवा असतो तो मुख्यतः या दोघांचा. वजनाच्या पंधरा ते वीस टक्के ओल राहिलेलं लाकूड मला सगळ्यात बरं वाटतं. अगदी खडखडीत झालं तर धूर देण्याआधी ज्वाळ धरतं.

फांदी आणली की त्याच आठवड्यात कापायची. ओला पेरू करवतीने लोण्यासारखा नाही, पण दुधीसारखा तरी कापला जातो. वाळल्यावर तोच लोखंड होतो, दोन ठोकळ्यांत घाम निघतो. मी वीतभराचे नव्हे, चार बोटांचे तुकडे करते. लाकडातलं पाणी मुख्यतः कापलेल्या तोंडांतून बाहेर पडतं, बाजूने फार सावकाश. तुकडा जितका आखूड तितका लवकर वाळतो. मनगटाहून जाड असेल तर मध्ये एकदा कोयत्याने फोडायचा.

सालीचं काय करायचं ते झाडावर आहे. पेरूची साल पातळ असते, वाळताना पापुद्र्यासारखी आपोआप सुटते, मी तिच्या मागे लागत नाही. बाभळीची मात्र काढायचीच. ती जाड असते आणि तिच्यात टॅनिन ठासून भरलेलं, चामडं कमवायला जी साल वापरतात ती हीच. आंब्याच्या सालीत चीक, माती, मुंग्या, सगळं असतं, तीही काढते.

तुकडे कांद्याच्या जाळीच्या गोणीत भरते, अर्ध्याहून जास्त नाही, आणि गच्चीवरच्या लोखंडी बारला टांगते. जाळीतून चारी बाजूंनी वारा लागतो. लासलगावच्या शेजारी राहण्याचा हा एक फायदा, जाळ्या कधी विकत घ्याव्या लागल्या नाहीत. जमिनीवर ठेवलं की खालचा थर ओला राहतो आणि वाळवी लागते. थेट कडक ऊन पहिले आठ-दहा दिवस नको, तोंडं तडकतात. तडकलेलं लाकूड वाईट नसतं म्हणा, पण त्याचे कपचे पडून भुगा होतो. नंतर खुशाल उन्हात. नाशिकला फेब्रुवारीत टांगलेला पेरू एप्रिलअखेर तयार होतो, चिंचेला मे लागतो.

तयार झालं हे कसं ओळखायचं? दोन तुकडे एकमेकांवर आपटा. ओल्याचा आवाज ‘थप्’ येतो, वाळल्याचा ‘ठण्’, टिपऱ्यांसारखा. एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. मला आकड्यांची खोड आहे, म्हणून मी दर वर्षी एक तुकडा बळी देते. मागच्या वर्षी पेरूचा एक तुकडा किचनच्या काट्यावर २१२ ग्रॅम भरला. तो बारीक फोडून ओटीजीमध्ये शंभर-एकशेपाच अंशांवर ठेवला, दर तासाने वजन केलं, आणि वजन घटायचं थांबलं तेव्हा १७६ ग्रॅम होतं. म्हणजे ३६ ग्रॅम पाणी. छत्तीस भागिले एकशे शहात्तर, वीस टक्के. त्या दिवशी गोणी खाली उतरवली. ओव्हनपाशी बसून राहा मात्र, लाकूड आत ठेवून बाजारात जायचं नाही.

पावसाळा हा या सगळ्याचा शत्रू. जूनच्या आत गोणी रिकामी करून तुकडे पत्र्याच्या तेलाच्या डब्यांत भरायचे, झाकण घट्ट. जुलैत उघडी राहिलेली गोणी ऑगस्टमध्ये हिरवी-काळी होते. बुरशी आलेला तुकडा घासून वापरू नका, टाकून द्या. डब्यात तळाशी बारीक पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर भुंगेरा लागलाय. तुकडे तासभर ओव्हनमध्ये ऐंशी अंशांवर ठेवले की किडा मरतो. तो डबा घरातल्या लाकडी कपाटाजवळ मात्र ठेवू नका. आमच्या सासूबाईंच्या देव्हाऱ्यापर्यंत प्रकरण गेलं होतं.

इतकं करून वाळवलेलं लाकूड परत पाण्यात भिजवायचं, हे मला कधी पटलं नाही. तुम्ही रात्रभर भिजवलंत, सगळे तसंच सांगतात. मी एकदा रात्रभर भिजवलेला ठोकळा मधोमध कापून पाहिला, ओल वरच्या दोन-तीन मिलिमीटरपुरतीच होती. तेवढं पाणी आधी वाफ होऊन जातं, धूर तोवर थांबतो, आणि निखारा उगाच गार पडतो. चिप्स पटकन जळतात म्हणून लोक भिजवतात. त्यापेक्षा मोठा ठोकळा वापरा. सुपारीएवढे तुकडेच असतील तर जाड फॉइलची पुडी करून तिला दोन-तीन भोकं पाडा आणि निखाऱ्यांच्या कडेला ठेवा.

ड्रममध्ये लाकूड कधी आणि कसं घालायचं यावरही चव फिरते. नवा ड्रम आधी दोन-तीन तास रिकामा, भरपूर आग करून तापवून घ्या, म्हणजे आतला रंग आणि तेल जळून जाईल. ड्रममध्ये पूर्वी रसायन होतं असं कळलं तर तो ड्रमच नको. कोळसा पूर्ण पेटून वर राखेची पांढरी साय आली की त्यात दोन ठोकळे अर्धवट पुरा. सुरुवातीला दाट पांढरा धूर येतो, तेव्हा मांस आत ठेवायचं नाही. दहा-पंधरा मिनिटांत तो पातळ होतो, उन्हात पाहिला तर निळसर दिसतो. मला अजूनही शंका येते तेव्हा मी स्टीलची एक ताटली धुराच्या वाटेवर मिनिटभर धरते. बोट फिरवून पिवळट-तपकिरी चिकटा आला तर अजून थांबायचं. ताटलीवर नुसता वास आला आणि बोट कोरडं राहिलं की मांस आत.

वरचं तोंड कधीही बंद करू नका. नवशिके उष्णता कमी करायला वरचं झाकण दाबतात, धूर आतच कोंडतो आणि मांसावर काजळी बसते. तुमचं चिकन काळं पडण्यात भुशाबरोबर याचाही हात असावा. उष्णता खालच्या भोकांनी आवरायची. ड्रममध्ये एकशेदहा ते एकशेतीस अंश राहिले की पुरे. बाकीचे ठोकळे पाऊण-पाऊण तासाने एकेक. मांस पहिल्या दोन तासांत धूर घेतं, नंतर घातलेलं लाकूड बऱ्यापैकी वायाच जातं.

चिकन आतून किमान ७४ अंशांपर्यंत जायला हवं, त्यासाठी टोचायचा थर्मामीटर घ्या. लाकडावर वाचवलेल्या पैशांतून येतो. आणि थंड धुरात दिवसेंदिवस मांस टांगायचे प्रयोग पुण्याच्या हवेत करू नका. नागालँडच्या घरांतून चुलीवरच्या माळ्याला डुकराचं मांस टांगलेलं दिसतं, पण त्यामागे पिढ्यांचा सराव, रोज पेटती चूल आणि डोंगरातली हवा आहे. तीस-पस्तीस अंशांत मांस कोमट राहिलं की जंतूंचं फावतं.

कोणत्या लाकडाची चव कशी, हे विचारलंत म्हणून माझं मत सांगते, पक्षपाती आहे. पेरू पहिला. गोडसर, स्वच्छ धूर, चिकनच्या कातडीला मधासारखा रंग येतो, आणि थोडा जास्त झाला तरी क्षमा करतो. तुम्ही शिकताय तोवर दुसरं काही घेऊच नका. आंबा त्याहून मवाळ, जळतो लवकर, म्हणून ठोकळे मोठे ठेवावे लागतात. चिंच फोडताना कुऱ्हाड आणि कंबर दोन्ही जातात, पण बरगड्यांना तिच्यासारखं काही नाही. बाभळीचा निखारा उत्तम, सुवास बेताचा. तिला मी आग म्हणून वापरते आणि वर पेरूचा एखादा ठोकळा ठेवते. जांभूळ मला किंचित तुरट वाटतं, माझ्या बहिणीला तेच आवडतं. नारळाच्या करवंट्या सुरुवातीला काळा तेलकट धूर ओकतात, पूर्ण निखारा झाल्यावरच कामाच्या. आणि गच्ची बंद झाली, शेजाऱ्यांची तक्रार आली, तर जुन्या लोखंडी कढईत फॉइलवर मूठभर तांदूळ, चहापत्ती आणि गूळ टाकून, वर जाळी ठेवून झाकण लावा. शिजवलेल्या चिकनला दहा मिनिटांत धुराचा वास लागतो. लाकूड लागतच नाही.

तुम्ही आता, पावसाळा संपता संपता विचारताय, त्यामुळे या दिवाळीपर्यंत घरचं लाकूड तयार होणार नाही. तोवर वखारीतून छपराखालची दोन-तीन किलो बाभूळ आणा, साल काढा, बारीक फोडा आणि ऑक्टोबरच्या उन्हात पंधरा दिवस ठेवा. त्याचबरोबर एखादा पेरूचा बागवाला गाठून ठेवा, पुढच्या छाटणीला येतो म्हणून सांगा. फुकट मिळतंय म्हणून रिकाम्या हाताने जाऊ नका. माझे पेरूवाले काका माळकरी आहेत. लाकूड कशासाठी हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. ते दोन मिनिटं गप्प राहिले आणि मग म्हणाले, “आमच्यासाठी वांगी करत जा त्याच्यावर.” तेव्हापासून दर छाटणीला, मांस ठेवायच्या आधी, रिकाम्या ड्रममध्ये त्यांची चार वांगी लागतात. छाटणीच्या आदल्या दिवशी आता त्यांचाच फोन येतो, आणि मनगटाएवढ्या फांद्या बांधावर वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात.